त्रिकोणाचा स्वभाव

परवा भाचीला शाळेतून गृहपाठ मिळाला : वारली चित्र काढून आणा. बाईसाहेबांनी कंपासपेटीतला गुण्या काढला. एक त्रिकोण उलटा, त्याखाली एक सुलटा, वर गोल डोकं आणि चार काड्यांचे हातपाय. सगळं अगदी मापात. मग बराच वेळ त्याकडे बघून म्हणाली, "मावशी, हा माणूस डमरूसारखा का दिसतोय गं?"

प्रश्न बिनतोड होता. कारण दिसत खरंच डमरूच होतं :)

मी तिला जिव्या सोमा मशे यांची चित्रं दाखवली. डहाणूजवळच्या गंजाडचे हे कलाकार (१९३४–२०१८). २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातही माणूस म्हणजे दोन त्रिकोणच. पण ते दोन त्रिकोण क्वचितच एकावर एक सरळ उभे असतात. वरचा जरा कलला की माणूस चालायला लागतो, आणखी कलला की भात लावतो, मागे झुकला की नाचतो. दोन टोकं जिथे टेकतात ती कंबर, आणि सगळं चित्र त्या एका बिंदूवर तोललेलं. टोकावर उभी असलेली वस्तू पडेल की काय असं वाटत राहतं, म्हणूनच ती जिवंत दिसते. गुण्याने काढलेला माणूस पडणार नव्हता. तो हलणारही नव्हता.

भाचीने गुण्या बाजूला ठेवला, काडेपेटीतली काडी पांढऱ्या रंगात बुडवली आणि नुसत्या हाताने काढायला बसली. त्रिकोण वाकडेतिकडे आले. पण त्यातली एक बाई चक्क डोक्यावर हंडा घेऊन निघाली होती!

एवढ्यावर मी शहाणी होऊन गप्प बसायला हवं होतं. पण शहाणपण शिकवायचा अधिकार मला नाही, कारण हीच चूक मी गेल्या वर्षी केली आहे, आणि ती कागदावर नाही, कापडावर. नात्यातल्या काही जणांना हे माहीत आहे, बाकीच्यांना आज सांगून टाकते.

आजीची दोन नऊवारी लुगडी माझ्याकडे होती. मऊसूत सुती, धुऊन धुऊन विरत आलेली. त्यांची गोधडी करायची ठरवलं. कुठेतरी त्रिकोणी तुकड्यांची सुंदर रजई पाहिली होती, तशीच हवी होती. आईला न विचारता बत्तीस चौकोन कापले आणि प्रत्येक चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापून चौसष्ट त्रिकोण केले. मग मशीनवर एकाला एक जोडत गेले. शेवटी जमिनीवर अंथरलं तर मधोमध फुगवटे आणि कडा लाटांसारख्या. हाताने कितीही सपाट करा, एका बाजूने दाबलं की दुसरीकडून वर!

आई काही बोलली नाही. एक तुकडा उचलून तिने तिरका ओढला, तो हातभर... बरं, बोटभर लांबला. "उरेब आलाय. धाग्याच्या रेषेत कापलेलं कापड ऐकतं. कोपऱ्यातून कापलंस की ते ओढेल तिकडे जातं," ती म्हणाली.

मला गंमत वाटली ती याची, की आपण शाळेत शिकलो ते याच्या अगदी उलट. सगळ्यात पक्का आकार त्रिकोण. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यातून ढकलली की कलते, तीन काठ्यांची हलत नाही. म्हणून तर छपराला कैची लावतात, म्हणून हलणाऱ्या टेबलाला सुतार तिरकी पट्टी मारतो. आणि तोच आकार कापडात कापला की सगळ्यात हट्टी! आकार तोच, पण लाकडातला स्वभाव वेगळा, कापडातला वेगळा.

मग आजीच्या गोधडीत ते त्रिकोण सपाट कसे बसायचे? आईने जुनी गोधडी काढून दाखवली. आजी तुकडे एकमेकांना जोडतच नव्हती. खाली जुन्या कापडाचे थर अंथरलेले, त्यावर एकेक ठिगळ ठेवायचं आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा. त्रिकोणाने ओढायचं म्हटलं तरी खालचे थर त्याला धरून ठेवत. मी नक्षी पाहिली होती. तिला धरणारा थर पाहिला नव्हता.

कापलेली लुगडी काही परत येत नाहीत. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण आईने माझी शिवण उसवली आणि ते चौसष्ट तुकडे घेऊन बसली. सुई ओवायला आता तिला दिसत नाही, ते काम भाचीचं.

त्या दोघींचा फोटो काढताना पुन्हा तोच धडा. फोनवर रेघांची जाळी लावून, दोघींना शेजारीशेजारी बसवून काढला तो फोटो ओळखपत्रासारखा आला. मग त्यांना विसरू दिलं. थोड्या वेळाने दोन डोकी एकमेकींकडे झुकलेली, दोघींची नजर खाली सुईच्या नाकावर. दोन डोकी आणि एक सुई, झाला उलटा त्रिकोण, टोकावर उभा. तो मी रचला नव्हता, त्यांच्या कामाने रचला होता.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच. हल्ली कपांवर, पडद्यांवर, सोसायटीच्या भिंतींवर वारली माणसं ओळीने उभी असतात, सगळी एकाच छापाची. ती भिंतीवरून खाली आली याची माझी तक्रार नाही. मशे यांनीच सत्तरच्या दशकात ती कागदावर आणली, आणि त्यातून अनेक घरं चालली, हे चांगलंच झालं. तक्रार आहे ती बाह्यरेषा उचलून आतलं काम टाकून देण्याची. जिथे लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात, तिथे तो आकार देवीला बसायची जागा असतो. नुसती किनार नसतो.

आकार उचलायला माझी ना नाही. फक्त उचलण्याआधी विचारावं, हा इथे काय करतोय? आणि घरात विचारण्यासारखं कोणी असेल, तर कात्री हातात घेण्याआधी विचारावं.

असो. गोधडी निम्मी झाली आहे. आत्या, तुझ्या वाटचा कोपरा मोकळा ठेवलाय. येशील तेव्हा चार टाके घाल.