चक्रवाक म्हणजे बदकच!

डोंबिवलीत ज्ञानेश्वरी शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, चक्रवाक म्हणजे नेमका कोणता पक्षी?" हातातल्या टिपणात 'एक पक्षी' एवढाच अर्थ होता. "तो बदकाचाच एक प्रकार," असे मी म्हणताच वर्ग हसला. हे हसणे मला विचार करण्याजोगे वाटते.

सोळाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रीगुरूंना सूर्य म्हणतात. बुद्धी आणि बोध हे भेदाच्या नदीच्या दोन तीरांवर विरहाने आक्रंदणारे चक्रवाकांचे जोडपे. हा सूर्य त्यांची भेट घडवतो. कालिदासाच्या यक्षालाही एकाकी पत्नी चक्रवाकीसारखी भासते. एवढ्या उंचीवरून 'बदक' म्हटले की आपण धाडकन खाली येतो. कारण फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाला आपण डुलती चाल आणि खुराडे एवढेच जोडले आहे. अँडरसनची १८४३ सालची कथा गदिमांच्या गीतातून घरोघरी पोचली आणि बदक सामान्य, राजहंस असामान्य, ही वाटणीही पक्की झाली.

वस्तुतः चक्रवाक म्हणजे ब्राह्मणी बदक. हिवाळ्यात हा नारिंगी पक्षी हिमालयापलीकडून आपल्या नद्यांवर, जलाशयांवर उतरतो, बहुधा जोडीने राहतो आणि त्याची साद पाण्यावरून दूरवर ऐकू येते. रात्रीचा विरह हा कविसंकेत खरा. पण त्यामागची ती साद कल्पित नाही. 'एक पक्षी' या टीपेने नेमकी तीच पुसली जाते.

लोकभाषा मात्र अशी उदासीन नव्हती. काळ्या चोचीचे पिवळे टोक आणि बुडाशी लाल ठिपके पाहून तिने एका बदकाला 'हळदी-कुंकू' म्हटले; दुसरे 'अडई' झाले. मारुती चितमपल्लींनी २००२ च्या 'पक्षिकोशा'त पक्ष्यांची अशी नावे जतन केली. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. तिथे आपण रोहित ओळखतो, उरलेली सारी नुसती 'बदके'!

नाव हरवले की उपमाही आंधळी होते. तेव्हा शिक्षकांनी 'चक्रवाक : ब्राह्मणी बदक' अशी टीप निःसंकोच द्यावी. वर्ग हसेल, हसू द्यावे. त्यातला एखादा जण तरी पुढे नदीकाठी थांबून ती साद ऐकेल, आणि मग ओवी त्याला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.