पाचवीपासूनचं इंग्रजी

बालमित्रांनो,

आमच्या हेंद्रेपाड्यातल्या एका ताईचा परवा टोकियोहून फोन आला. ताई बी.ए., बी.एड. आहे. इथल्या एका शाळेत तिने चार वर्षं इंग्रजी शिकवलं. नवऱ्याची जपानला बदली झाली, तेव्हा तीही गेली. घर लागलं, रेल्वेचा नकाशा पाठ झाला आणि आता दिवसभर करमेना.

"काका, इथे इंग्रजी शिकवायला माणसं हवी आहेत. तीन ठिकाणी विचारून आले. कुठे जाऊ?"

मी म्हटलं, "तिन्ही सांग. कागद-पेन्सिल घेऊन बसतो." तुम्हीही घ्या बरं! आई-बाबांनाही बोलवा, कारण पुढे एक प्रश्न त्यांच्यासाठी आहे.

पहिली जागा संभाषणाच्या क्लासची. जपानीत त्याला 'एकाइवा' म्हणतात. ऑफिसातून सुटलेली मोठी माणसं संध्याकाळी तिथे इंग्रजी बोलायला शिकतात, सुट्टीच्या दिवशी लहान मुलं येतात. पण ताई तिथे नवऱ्यावर अवलंबून असलेली म्हणून गेली आहे. अशा माणसाला काम करायचं तर आधी सरकारी परवानगी काढावी लागते आणि ती मिळाली तरी आठवड्याला फक्त २८ तास!

दुसरी जागा सरकारी शाळेतल्या साहाय्यक शिक्षकाची. वर्ग जपानी शिक्षक घेतात. शेजारी परदेशी साहाय्यक उभा राहून उच्चार करून दाखवतो, संवाद म्हणवून घेतो, खेळ घेतो. अशा तरुणांना बोलावण्यासाठी जपानने १९८७ मध्ये 'जेट' नावाची योजना सुरू केली. तिचा अर्ज मात्र आपापल्या देशातून करायचा असतो. ताई तर तिथे पोहोचलेली! म्हणून तिने शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीत चौकशी केली. काम पूर्णवेळ, म्हणजे व्हिसाचा प्रकार बदलायला हवा. आणि त्या व्हिसाचा नियम असा, की जी भाषा शिकवायची, त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे.

ताई दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. अकरावी-बारावी, कॉलेजची तीन वर्षं आणि तेव्हाचं एक वर्षाचं बी.एड. सगळं मिळवलं तरी बेरीज सहाच भरली.

तिसरी जागा भारतीय शाळेची. टोकियोत २००४ पासून भारतीय शाळा आहेत. आपल्याकडचा सीबीएसईचा अभ्यासक्रम तिथे शिकवतात. तिथे ताईच्या बी.एड.ला आणि अनुभवाला किंमत आहे. पण हेही काम दिवसभराचं. तेव्हा व्हिसाची कागदपत्रं शाळा करून देणार का, हे आधी लेखी विचारून घ्यायला हवं.

एवढं सांगून ताई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "काका, बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं असतं तर?"

बघा, हाच तो प्रश्न. पुष्कळ घरांत तो विचारला जातो. मी तिची खोटी समजूत घातली नाही. मराठी शाळेमुळे एक दार बंद झालं, हे खरंच आहे. त्यावर रागवून उपयोग नाही आणि अर्जात खोटी वर्षं तर मुळीच लिहायची नाहीत. परदेशात आपली पत आपल्या कागदांवर असते. पण तो नियम शाळेचं माध्यम मोजतो. ताईला इंग्रजी किती येतं आणि किती छान शिकवता येतं, हे तो मोजत नाही.

मी विचारलं, "तू इंग्रजी कितवीपासून शिकलीस?"

"पाचवीपासून. तेव्हा मराठी शाळेत तसंच होतं ना!"

खरं आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये आलं. त्याआधी ए-बी-सी-डी पाचवीत भेटायची. आता गंमत ऐका. जपानच्या शाळांत इंग्रजी हा रीतसर विषय २०२० पासून पाचवीलाच सुरू होतो!

आणखी एक गंमत. आपण म्हणतो, 'मी भात खातो.' जपानी मुलगा म्हणतो, 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास.' वाताशी म्हणजे मी, गोहान म्हणजे भात, ताबेमास म्हणजे खातो. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी! इंग्रजीत मात्र 'खातो' आधी येतं आणि भात मागून. शिवाय इंग्रजीतलं ते छळवादी 'अ' आणि 'द' मराठीत नाही, तसं जपानीतही नाही. ज्याला इंग्रजी पाळण्यातच मिळालं, त्याला 'द' कुठे अडतो हे कसं कळणार? ताईला कळतं. त्याच दगडावर तिनेही ठेच खाल्ली आहे.

मग आम्ही पंडिता रमाबाईंची आठवण काढली. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं आणि तिथेच स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकल्या. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, तेव्हा ही शिदोरी गाठीशी होती.

ताईने ठरवलं. सध्या संभाषणाचा क्लास, परवानगी काढून, २८ तासांच्या आत. पगार तिन्हींत कमी, पण सकाळ मोकळी. त्या वेळात ती जपानी शिकणार. जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, त्यातली सर्वांत सोपी आधी. भारतीय शाळेलाही पत्र लिहून ठेवणार. पगाराचा आकडा आम्ही कागदावर सर्वांत शेवटी लिहिला. आधी लिहिलं: नियमात बसतं का? मला खरंच शिकवायला मिळेल का? आणि मी काय शिकेन?

आता तुमचा गृहपाठ. धाकट्या भावंडाला इंग्रजीतला 'द' कुठे लावायचा ते समजावून सांगा. 'असंच असतं' असं म्हणायचं नाही हं! जमलं तर कसं सांगितलंत ते मला लिहून पाठवा. चांगली युक्ती असेल, तर ती टोकियोच्या वर्गात पोहोचवण्याचं काम माझं.

तुमचा,
काका