ध्वनिमुद्रणांतील खटखट : दोष कोणाचा?

'चोर सोडून संन्याशास सुळीं देणें' ही म्हण वर्गांत शिकवितांना ती एखादे दिवशीं आपणांसच लागू पडेल असें शिक्षकास सहसा वाटत नाहीं. गेल्या वर्षीं संमेलनानंतर ती मला लागू पडली. सेवानिवृत्त होणाऱ्या आमच्या संगीतशिक्षकांचें शाळेंतील अखेरचें पेटीवादन त्या रात्रीं झालें. चाळीस मिनिटें सभागृह अगदीं स्तब्ध होतें. तें वादन लॅपटॉपवर मुद्रित करण्याचें काम नववींतील एका विद्यार्थ्याकडे सोंपविलें होतें. दुसऱ्या दिवशीं ऐकूं लागलों तों सुरांच्या मधूनमधून 'खट्, खट्' असा आवाज, आणि त्याखालीं एक अखंड गुणगुण! "तूं तारच नीट बसविली नसशील," असें म्हणून मी त्या मुलास सर्व वर्गासमोर फार बोललों.

तो उलट बोलला नाहीं. दोन दिवसांनीं मात्र वही घेऊन आला आणि म्हणाला, "सर, सभागृह रिकामें असतांना मला तासभर शोध करूं द्याल का?" मीं होकार दिला व स्वतःहि जाऊन बसलों. त्या तासांत मी जें शिकलों तें आपल्या अंकाच्या वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्यानें तें मुद्रण दुसऱ्या संगणकावर लावून पाहिलें. खटखट त्याच त्याच जागीं आली. अर्थात् दोष ऐकविणाऱ्या यंत्राचा नसून मुद्रणांतच होता. आवाज प्रमाणाबाहेर मोठा घेतला गेला असता तर मोठ्या सुरांच्या वेळीं तो फाटला असता. येथें तर अगदीं हळू सुरांतहि खटखट होती. नंतर त्यानें पेटी आणविली, सर्व मांडणी त्या रात्रींसारखीच केली, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलण्यास आरंभ केला. तार बदलली; खटखट कायम. चार्जर काढला, गुणगुण तत्काळ थांबली, पण खटखट कायम. म्हणजे दोष एक नसून दोन होते! वाय-फाय बंद केलें. खटखट पुष्कळ कमी झाली. शेवटीं बफर नांवाचा आकडा ६४ वरून १,०२४ वर नेला; अर्धा तास मुद्रण केलें, त्यांत एकहि 'खट्' आली नाहीं. मग त्यानें पहिली तार पुन्हां लावून दाखविली. तरीहि आवाज स्वच्छच. तार निर्दोष होती, आणि ती बसविणाराहि.

ह्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. त्या मुद्रणांत दर सेकंदास ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जात होते. असे नमुने संगणकांत एकेक करून न जातां गठ्ठ्यागठ्ठ्यांनीं जातात. नळाखालीं घागर लावावी, ती भरतांच उचलून दुसरी ठेवावी, तसाच हा प्रकार. ह्या घागरीस बफर म्हणतात. ६४ नमुन्यांची घागर एका सेकंदांत सुमारें ६८९ वेळां भरते, तर १,०२४ नमुन्यांची केवळ ४३ वेळां. घागर उचलणाऱ्या संगणकास दुसरींहि कामें असतात. वाय-फायचें काम त्याला क्षणभर अडवून धरी, तेवढ्यांत लहान घागर भरून वाहूं लागे. सांडलेलें पाणी म्हणजे हरवलेला ध्वनि. त्या खंडाचीच 'खट्' आपणांस ऐकूं येते. गुणगुण मात्र चार्जरच्या वाटेनें आली होती.

मग घागर लहान ठेवावी तरी कशाला? कारण ती मोठी असली कीं संगणकांतून परत येणारा आवाज हेडफोनमध्यें किंचित् उशिरां पोंचतो आणि गाणारा गोंधळतो. आदल्या आठवड्यांत समूहगीताच्या सरावांत मुलींनीं हीच तक्रार केली होती, तेव्हां हा आकडा मींच कमी करविला होता, आणि पुढें तें साफ विसरलों होतों! पेटी वाजविणाऱ्यास हेडफोन मुळीं नकोच होता.

ह्यावरून माझें मत असें झालें आहे कीं, यंत्र बिघडलें असतां "हें कोणीं केलें?" असें विचारण्यापूर्वीं "हें कसें झालें?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मूल गप्प बसतें. दुसऱ्यानें तें कामास लागतें. एका वेळीं एकच बदल करावा व तो लिहून ठेवावा. चार बदल एकदम केले आणि दोष गेला, तर तो कशानें गेला हें कळत नाहीं व पुढील वर्षीं तो पुन्हां येतो.

कांहीं पालक म्हणतील, नवा लॅपटॉप घ्यावा. आमच्या शोधास एक पैसाहि लागला नाहीं. कोणी म्हणतील, खटखट काढून टाकणारे प्रोग्राम मिळतात. ते आहेत खरे, व लहानसहान ठिकाणीं ते उपयोगीहि पडतात. पण हरवलेला सूर त्यांना परत आणतां येत नाहीं, आजूबाजूच्या सुरांवरून ते केवळ अंदाजानें जागा भरतात. ह्याहून बरें म्हणजे आदल्या दिवशीं त्याच सभागृहांत, त्याच मांडणीनें, पूर्ण वेळ मुद्रण करून पाहावें. लॅपटॉप बॅटरीवर चालवावयाचा असल्यास ती पूर्ण भरून वीजबचतीची योजना बंद ठेवावी. आणि जवळच दुसरें एखादें साधन, मग तो मोबाईल कां असेना, मुद्रण करीत ठेवावें. एक ताकीद मात्र दिलीच पाहिजे. गुणगुण घालविण्यासाठीं प्लगची अर्थिंगची पिन तोडावी असें कोणी सांगितल्यास तें कदापि करूं नये. त्यांत प्राणांशीं गांठ असते.

असो. त्याच वर्गांत, त्याच मुलांसमोर, मीं आपली चूक कबूल केली. ह्या वर्षीं संमेलनाच्या मुद्रणाचें सर्व काम त्याच विद्यार्थ्याकडे आहे, व त्याच्या वहीची एक प्रत संगीताच्या खोलींत टांगली आहे. आमच्या गुरुजींचें तें वादन मात्र खटखटीसहच राहिलें. तें ऐकतांना प्रत्येक 'खट्' मला माझ्या उतावळेपणाची आठवण करून देते. घरीं कांहीं बिघडलें असतां पालकांनीं मुलांस आधीं वही व तासभर अवधि द्यावा, रागवावयाचें असल्यास मागाहून रागवावें, इतकीच त्यांस विनंति आहे.