क्षयरोग शिकवताना ‘सैनिक’ पुरत नाहीत

शिक्षक मित्रहो, आपण वर्गात सरळ सांगून टाकतो : जंतू आला, पांढऱ्या पेशी नावाच्या सैनिकांनी मारला, संपलं. सर्दी-पडशाला हे चालून जातं. क्षयरोगाला चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधलेला हा जिवाणू श्वासावाटे फुप्फुसातल्या वायुकोशांत पोचतो. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवता येतोच असं नाही. उलट हा पठ्ठ्या त्या पेशीतच बिऱ्हाड करतो. वाढतोही सावकाश, एकाचे दोन व्हायला सुमारे २० तास. काही आठवड्यांनी टी-पेशी मदतीला येतात. मग सगळ्या मिळून जंतूंभोवती कडं करतात, त्याची बारीक गाठ होते. सगळे जंतू मरत नाहीत, काही आत कोंडून राहतात. असा माणूस आजारी नसतो, त्याच्यापासून लागणही होत नाही. बहुतेकांचं आयुष्य असंच निघून जातं. १०० पैकी ५ ते १० जणांत मात्र कधीतरी हे कडं फुटतं. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही असेल तर धोका जास्त.

‘कोंडलेला जंतू’ कळला, की खोकला थांबल्यावरही ६ महिने गोळ्या का, हे पोरगं घरी सांगू शकतं. आणि हो, हा रोग हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. तरी कित्येक घरांत आजीचं ताट वेगळं मांडलेलं पोरं बघतात, आणि आपण त्यांच्याकडून सैनिकांची चित्रं काढून घेतो.