धानाच्या बियाण्याचा पेपर कोण तपासतो?



आपला भंडारा जिल्हा धानाचा. पऱ्हे, रोवणी, बांधी हे शब्द आपल्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. म्हणूनच धानाची एक बातमी आपण नीट समजून घ्यायला हवी. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे जीनोम संपादित धानाचे दोन वाण जाहीर केले.

मग हे बीटी कापसासारखंच झालं का? नाही. बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. या वाणांत धानाच्याच जनुकात छोटा बदल केलेला आहे, बाहेरचं जनुक ठेवलेलं नाही.

म्हणून नियमही वेगळे आहेत. बाहेरचं जनुक असलेल्या पिकाला १९८९ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीकडे जावं लागतं. ते खाऊन विषबाधा किंवा ॲलर्जी होईल का, त्याचे परागकण शेजारच्या पिकात जातील का, मित्रकिडींचं काय होईल, हे सगळं तिथे पाहिलं जातं. परकीय जनुक नसलेल्या संपादित वनस्पतींना मार्च २०२२ मध्ये या समितीपासून सूट मिळाली. परकीय जनुक उरलेलं नाही ना, हे आता मुख्यतः संशोधन संस्थेचीच जैवसुरक्षा समिती तपासते.

माझा सूट देण्याला विरोध नाही. पण निकाल उघड हवा. आपल्या वर्गाचे पेपर आपणच तपासतो. तरी उत्तरपत्रिका पालकांना दाखवतोच ना?

बीटी वांग्याला समितीने २००९ मध्ये संमती दिली होती. तरी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आपलं नागपूरही होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये वांग्याला स्थगिती मिळाली. निर्णय पटो न पटो, लोकांना विचारलं तरी गेलं. उलट २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं. परवानगी वर्षानुवर्षं अडून राहिली की नियमांचा धाक उरत नाही, आणि मग तपासणीच होत नाही.

म्हणून मागणी साधी आहे: संपादित बियाण्याच्या पिशवीवर तसं मराठीत लिहा आणि चाचण्यांचे निष्कर्ष मराठीत खुले करा.

आपल्या हातातलंही एक काम आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना घरच्या बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल आणायला सांगा. वाण कोणता, तयार कोणी केला, तपासला कोणी, हे त्यांना शोधू द्या. न घाबरता प्रश्न विचारायची सवय शाळेतच लागते.