तळे कोणाचे?

'मालकी कोणाचीही असो, नळाला पाणी आले म्हणजे झाले,' हा खासगीकरणाच्या समर्थकांचा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली सत्याग्रह झाला, तेव्हा तळे खासगी असल्याचाच दावा सवर्ण वादींनी न्यायालयात केला होता. तो टिकला नाही. १९३७ साली उच्च न्यायालयातही बाबासाहेब जिंकले.

नगरपालिका निर्दोष होती असे नव्हे. तळे अस्पृश्यांस खुले करण्याचा तिचा १९२४ चा ठराव कागदावरच राहिला होता. परंतु तो कागद पुढे करून भांडता तरी आले. उद्या कंपनीपुढे काय ठेवणार? भरलेले बिल? मग ज्याला बिल भरणेच परवडत नाही, त्याने कोणत्या तळ्यावर जावे? पाणीपुरवठा अवश्य सुधारावा. विकू मात्र नये.