चकाकी म्हणजे संरक्षण नव्हे

जुनी मोटारसायकल दिसली की पुष्कळांचे हात शिवशिवतात. पॉलिश पेपर घ्यावा, तारेची घासणी घ्यावी आणि तिचा प्रत्येक भाग आरशासारखा लखलखीत करावा, असे त्यांना वाटते. हेतू चांगलाच असतो. पण विद्यार्थी मित्रांनो, अशा घासण्याने कधी कधी गंजापेक्षाही अधिक नुकसान होते.

म्हैसूरच्या जावा मोटारसायकलीचे उदाहरण घ्या. आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून ती बनविली; १९७३ पासून तिला येझ्दी हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जुन्या जावाच्या पेट्रोलच्या टाकीच्या बाजू चकाकतात, त्या क्रोमियमच्या मुलाम्यामुळे. हा थर किती जाड असतो? साधारणतः अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोनहजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी! त्याखाली निकेलचा बराच जाड थर असतो आणि त्याखाली पोलाद. खरखरीत कागदाने जोर लावून घासले, तर क्रोमियम निघून जाते आणि पिवळसर निकेल दिसू लागते. पुढे मुलाम्यातील बारीक छिद्रांतून पाणी आत शिरते. लोखंड निकेलपेक्षा अधिक क्रियाशील असल्याने तेथे आधी लोखंडच झिजते. मुलाम्यावर तांबडे ठिपके दिसतात ते यामुळे.

बादलीच्या पत्र्यावरील जस्ताचे याच्या अगदी उलट आहे. जस्त लोखंडाहून अधिक क्रियाशील. ओरखडा पडला तरी ते स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. म्हणजे ‘मुलामा’ हा शब्द एकच असला, तरी प्रत्येक मुलाम्याचा स्वभाव वेगळा!

इंजिनाची झाकणे बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. तोच त्याचे चिलखत. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. त्याचे पोपडे सुटतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. घरात तांब्या-पितळेला चिंच लावतात, म्हणून ती या झाकणांनाही चोळणे किंवा ती धुण्याच्या सोड्याने धुणे बरे नव्हे. आम्ल आणि अल्क दोन्ही ते चिलखत विरघळवितात.

कोणी म्हणेल, “मुलामा गेला तर नवा चढवू.” पण नव्या मुलाम्यासाठी जुना उतरवावा लागतो, पृष्ठभाग घासावा लागतो; त्यात कडा आणि कोरलेली अक्षरे बोथट होतात. शिवाय या कामात परंपरेने वापरली जाणारी क्रोमियमची षट्‌संयुजी संयुगे विषारी व कर्करोगकारक आहेत. ते सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तर आपल्या चकाकीची किंमत दुसऱ्याच्या विहिरीला मोजावी लागते.

मग करावे काय? प्रथम धूळ व चिखल साध्या पाण्याने व मऊ फडक्याने काढावा. लगेच कोरडे पुसावे. क्रोमियमवरील हलका गंज पाण्यात भिजविलेल्या ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या वर्खाने हळुवार निघतो, कारण ॲल्युमिनियम क्रोमियमहून मऊ आहे. नंतर मेणाचा पातळ हात द्यावा. उघड्या पोलादाला तेल किंवा ग्रीस लावावे. कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत ही काळजी अधिक वेळा घ्यावी, कारण मीठ गंजण्याची क्रिया वेगाने पुढे नेते.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग जरूर करून घ्यावा. दोन लोखंडी खिळे घासून सारखेच चकचकीत करा. एकाला व्हॅसलीन लावा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही मिठाच्या पाण्याने भिजविलेल्या फडक्यांवर वेगवेगळे ठेवून रोज पाहा. दोघांत चकाकी सारखीच होती; मग एकच का गंजला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

घासणे म्हणजे धातू कमी करणे; जपणे म्हणजे हवा, पाणी आणि मीठ यांना धातूपासून दूर ठेवणे. जुन्या यंत्रावर वयाच्या चार खुणा राहिल्या, तर त्यात कमीपणा नाही. एकदा घासून गेलेला धातू मात्र परत येत नाही.